तिसऱ्या मजल्यावरची बाई

उदय गेल्याचं मला ऑफिसातल्या एका बैठकीत कळलं. मंगळवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. बैठक कशाबद्दल होती ते आता आठवत नाही. टेबलावर बिस्किटांची बशी होती आणि चॉकलेट लावलेलं शेवटचं बिस्किट दुसऱ्या कुणी उचलायच्या आत आपल्याला कसं मिळेल या विचारात मी होतो, एवढं मात्र स्वच्छ आठवतं. फोन थरथरला. निरोप आन्याचा होता, उदयच्या बायकोचा. आन्या जर्मन आहे आणि लिहिताना गरजेपेक्षा एक शब्द जास्त वापरत नाही. ‘उदय आज सकाळी सायकल चालवताना कोसळला. हृदय बंद पडलं. तो गेला. जमलं तर ये.’ मी ते दोनदा वाचलं, फोन पालथा ठेवला आणि बैठक संपेपर्यंत तिथेच बसून राहिलो. वीस मिनिटं तरी असतील. मध्ये कुणीतरी मला काही विचारलं, त्यावर मी ‘गेनाऊ’ म्हणालो, म्हणजे ‘अगदी बरोबर’. काय बरोबर होतं देव जाणे... आज सात आठवडे झाले. त्या वीस मिनिटांत माझ्या मनात काय चाललं होतं ते आता सांगून टाकतो. सगळ्यात आधी दुःख आलं नाही. ‘त्याला सांगायचं राहून गेलं,’ हे आलं. आणि त्याच्या पाठोपाठ, लिहायला लाज वाटते पण लिहितो, ‘आता सांगावं लागणार नाही,’ हेही आलं.

उदय सत्तेचाळीस वर्षांचा होता, मूळचा सोलापूरचा. जर्मनीतल्या आखनच्या तंत्रविद्यापीठात आम्ही एकाच वर्षी शिकायला आलो आणि पहिला हिवाळा दोघांत मिळून एका जाड कोटावर काढला. ज्याचं लेक्चर सकाळचं, त्याचा कोट. मग दुसरा दुपारपर्यंत खोलीत गोधडी पांघरून त्याची वाट बघत बसायचा. शिक्षण संपल्यावर मी एका कंपनीच्या दर्जातपासणी विभागात शिरलो आणि कागदांत बुडालो. उदयने निवडलेलं काम मला सासुरवाडीत समजावून सांगताना नेहमी घाम फुटायचा. लोक वापरतात त्या यंत्रांमध्ये, दारांच्या कुलपांमध्ये, गाड्यांमध्ये, दवाखान्यातल्या उपकरणांमध्ये कुठे भोक राहिलंय, कुठून चोर शिरू शकेल, ते शोधायचं आणि बनवणाऱ्याला कळवायचं. हॅकर म्हटलं की लोकांना अंधाऱ्या खोलीतला कुणी टोपडंवाला आठवतो. आमचा हॅकर भर दुपारी बनियनवर बसून, शेंगाचटणी आणि ब्रोटशेन, म्हणजे इथला छोटा पाव, खात कुलपं उघडायचा. त्याचे वडील सोलापुरात घरोघरी विजेचे मीटर वाचायला जायचे. त्यांनी त्याला लहानपणी शिकवलेलं तो नेहमी सांगायचा: दार नुसतं लोटलेलं असलं तरी आत शिरायचं नाही. बाहेरून मोठ्यांदा सांगायचं, मीटर बघायला आलोय, आणि थांबायचं. आतल्या माणसाला साडी सावरायला, कुत्रं बांधायला वेळ द्यायचा. उदयच्या धंद्याचाही हाच नियम आहे. दोष सापडला की आधी ज्याचा दोष त्यालाच, एकट्याला कळवायचं, दुरुस्तीला मुदत द्यायची आणि मुदत संपेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. मगच चार लोकांत बोलायचं.

हे चार लोक म्हणजे आखनमधल्या एका जुन्या कापडगिरणीच्या इमारतीत दर वसंतात दोन दिवस जमणारी मंडळी. दीड-दोनशे माणसं, एकच सभागृह, मागच्या बाजूला मोठ्या पातेल्यात मसुराचं सूप. ज्याला जे सापडलं त्याने ते अर्ध्या तासात सांगायचं, असा सगळा मामला. कंपन्यांच्या जाहिराती नाहीत, गळ्यात टाय नाहीत, बायका-पुरुष विणकाम करत, पायाशी कुत्री घेऊन ऐकत बसतात. उदय तिथे दरवर्षी बोलायचा आणि मी दरवर्षी चौथ्या रांगेत बसून अर्ध्याहून जास्त न समजता टाळ्या वाजवायचो. तिथला एक रिवाज मला पहिल्यापासून आवडायचा. एखाद्याला वकिलाची नोटीस आली आणि भाषण मागे घ्यावं लागलं, तर त्याची वेळ दुसऱ्या कुणाला देत नाहीत. दिवे तसेच चालू राहतात, पडद्यावर त्याचं नाव तसंच राहतं आणि तो अर्धा तास सगळे गप्प बसून काढतात. ‘हे बरं आहे,’ मी एकदा उदयला म्हणालो होतो, ‘भाषणाची तयारी वाचते.’ तेव्हा तो हसला होता.

तयारी तो आमच्या स्वयंपाकघरात करायचा. भाषण इंग्रजीत, कधी जर्मनमध्ये, पण पहिली तालीम मराठीत आणि माझ्या सासूबाईंसमोर. सासूबाई लग्न होऊन र्युसेल्सहाइमला आल्या त्याला आता जवळजवळ पन्नास वर्षं होतील. सासरे मोटारींच्या कारखान्यात होते आणि सासूबाई स्वतः पंचवीस वर्षं औषधाच्या दुकानात. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना यंत्रांतलं काही कळत नाही, पण दुकानात गोळ्या मोजून मोजून नजर अशी तयार झाली आहे की दिलेलं उत्तर आणि टाळलेलं उत्तर त्या बरोबर वेगळं काढतात. उदय म्हणायचा, ‘केळकर काकूंना मराठीत समजलं म्हणजे मलाही समजलं.’ आमचं अंडी उकडायचं टायमर, लिंबाच्या आकाराचं, पिवळं, तो तीस मिनिटांवर फिरवून ठेवायचा आणि फ्रिजला टेकून उभा राहायचा. सासूबाई मांडीवर भाषणाची छापील प्रत घेऊन, चष्मा नाकावर ओढून, बोट फिरवत ऐकायच्या. माझी बायको मेघना मध्ये चहा ठेवायची. काकूंनी भुवई उचलली की तो थांबायचा, मागे जायचा, पुन्हा सांगायचा.

सासूबाईंच्या गळ्यात एक बटण असतं. इथे एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांना ते देतात. पडलं, छातीत दुखलं, की दाबायचं. भिंतीजवळच्या खोक्यातून एका केंद्रातली बाई बोलते आणि गरज असेल तर मदत पाठवते. हे बटण ज्या कंपनीचं आहे तिथेच मी काम करतो. तिचं नाव इथे लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी उदयने सहज म्हणून ते बटण हातात घेतलं, नेहमीप्रमाणे उलटसुलट करून बघितलं, तसलंच एक स्वतःसाठी मागवलं आणि दोन महिन्यांनी त्याला त्यात भोक सापडलं. कुणी मनात आणलं तर एक लहानसं यंत्र जिन्यात ठेवून ते बटण मुकं करता येत होतं. वाईट गोष्ट ही की दाबल्यावर त्याचा हिरवा दिवा तरीही लागायचा. म्हातारीला वाटणार हाक गेली, आणि ती वाट बघत पडून राहणार. उदयने नियमाप्रमाणे कंपनीला कळवलं. आमच्या इंजिनिअरांनी पोच दिली, मुदत ठरली आणि ते कामाला लागले. भाषण मुदतीनंतरचं होतं. मला तो म्हणाला, ‘तू तिथला आहेस, म्हणून तुला सांगतोय. पण तू यात पडू नकोस. मी दारात उभा राहून हाक मारली आहे, आता आतल्यांना आवरू दे.’ आणि त्या दिवसापासून त्याने एक काम अंगावर घेतलं. महिन्यातून एकदा ते बटण दाबून चाचणी घ्यायची असते. दर पहिल्या रविवारी उदय अकराच्या सुमाराला यायचा, बूट काढायचा आणि आधी म्हणायचा, ‘काकू, चाचणी.’ त्या बटण दाबायच्या. खोक्यातून आवाज यायचा, ‘फ्राऊ केळकर, आलेस इन ओर्डनुंग?’ सगळं ठीक ना? त्या म्हणायच्या, ‘या, आलेस गूट.’ हो, सगळं छान. मग चहा व्हायचा.

त्या भाषणाची तालीम भाषणाच्या तीन आठवडे आधी झाली. त्यात त्याने उदाहरणाला एक बाई घेतली होती, एकटी राहणारी, पाय घसरून पडलेली. सासूबाई बोट फिरवत होत्या ते थांबलं. ‘अरे उदय, तू दुसरा मजला म्हणालास. इथे तर बाई तिसऱ्या मजल्यावर आहे.’ उदयने त्यांच्या मांडीवरच्या प्रतीकडे बघितलं आणि मग तो मोठ्यांदा हसला. ‘काकू, तुम्ही आमच्या धंद्यात हव्या होता.’ त्या म्हणाल्या, ‘धंद्याचं नंतर बघू. तिने बटण दाबलं आणि कुणाला कळलंच नाही, तर ती किती वेळ दिव्याकडे बघत बसेल?’ टायमर वाजलं. जाताना उदय ती छापील प्रत माझ्याकडे ठेवून गेला आणि तीच मेलवरही पाठवली. ‘वाच आणि कुठे अडलास तर सांग. पण दुसऱ्या कुणाला नको.’

आता माझं कर्तृत्व. जर्मन कंपनीत वीस वर्षं काढली की माणसाला एक सवय जडते. आपल्याला जे कळलं ते वरच्याला कळवल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. ‘त्सुर इन्फो’ असं वर लिहायचं, म्हणजे केवळ माहितीसाठी, की आपली जबाबदारी संपली. मेल पुढे पाठवताना मी मनाशी कारणं रचली होती. साहेबाला आधी कळलं तर दुरुस्ती लवकर होईल. गळ्यात ते बटण घालून माझ्याच घरातली बाई वावरते, तिच्यासाठी हे करतोय... हे खोटं नव्हतं. पण खरं कारण त्याच्या खाली होतं. उद्या भाषण गाजलं आणि हा हॅकर प्रसादचा, म्हणजे माझा, मित्र, त्याच्या घरी येतो-जातो हे कुणी काढलं तर? त्याआधी आपणच सांगितलेलं बरं. उदयच्या भाषणाची प्रत मी माझ्या साहेबाला पाठवून दिली, दोन ओळी लिहून, एका सोमवारी, कॉफीचं यंत्र पेला भरत होतं तेवढ्या वेळात. साहेबानेही वीस वर्षं काढली होती. त्याने ती कायदा विभागाला पाठवली, केवळ माहितीसाठी. आणि कायदा विभागाने, त्यांचं काम जे असतं ते केलं.

भाषणाच्या आदल्या गुरुवारी उदय संध्याकाळी घरी आला. वकिलाची नोटीस त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘वाच.’ चार पानं होती. भाषण केलंस तर असं करू, तसं करू, व्यापाराची गुपितं, नुकसानभरपाई... तुमच्या सादरीकरणात तुम्ही तिसऱ्या मजल्यावरील एका रहिवासी महिलेचे उदाहरण देता, असंही एक वाक्य होतं. मी ते वाचलं आणि पुढे गेलो. माझं लक्ष स्वतःचं तोंड सरळ ठेवण्यात गुंतलेलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, हे मला त्या चार पानांत कळलं. प्रत्येक ओळीत माझं नाव निघेल असं वाटत होतं. मी वाचत असताना उदय माझ्याकडे बघत होता. वाचून झाल्यावर मी कागद खाली ठेवले आणि म्हणालो, ‘हे त्यांच्यापर्यंत पोचवलं कुणी असेल?’ हे मी म्हणालो. हेच शब्द. उदयने कागदांची घडी घातली. ‘कळेल,’ म्हणाला. मेघनाने चहा विचारला तर नको म्हणाला. निघताना फक्त ते पिवळं टायमर मागून घेतलं.

शनिवारी दुपारी गिरणीच्या सभागृहात त्याची वेळ झाली तेव्हा पडद्यावर त्याचं नाव होतं आणि खाली काहीच नव्हतं. मंचावर एक खुर्ची ठेवली होती. उदय त्या खुर्चीवर जाऊन बसला, शेजारच्या स्टुलावर आमचं टायमर तीस मिनिटांवर फिरवून ठेवलं आणि हात मांडीवर घेतले. रिवाजाप्रमाणे कुणी उठलं नाही. एक कुत्रं जांभई देऊन आडवं झालं. कुणीतरी विणत होतं, त्या सुयांचा आवाज येत होता. सगळ्या सभागृहात टायमरची टिकटिक ऐकू येत होती आणि ते टायमर माझ्या घरातलं होतं. मी चौथ्या रांगेत होतो. पाच मिनिटांनी मला वाटलं उठावं, दहा मिनिटांनी वाटलं उभं राहून सांगून टाकावं, मग वाटलं आता फार उशीर झाला, आता मध्येच कसं... अर्ध्या तासात माणूस स्वतःला किती सवलती देऊ शकतो याला हिशेब नाही. उदय कुणाकडेच बघत नव्हता, निदान तसं वाटत होतं. टायमर वाजलं. लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले, थांबेचनात. मीही उभा राहिलो, मीही वाजवल्या. पाठवलेल्या मेलपेक्षा त्या टाळ्या मला जास्त बोचतात.

सगळं वकिलांच्या हातात गेल्यामुळे इंजिनिअरांना गप्प बसायला सांगितलं गेलं आणि जी दुरुस्ती काही आठवड्यांवर आली होती तिला वर्ष लागलं. ते वर्षभर सासूबाईंच्या गळ्यात तेच बटण होतं. मी घाबरून ते काढून ठेवा म्हणालो तर उदयच म्हणाला, ‘राहू दे. कुणी मुद्दाम केलं तरच बिघडेल. नसण्यापेक्षा बरं.’ आणि दर पहिल्या रविवारी तो येतच राहिला. भाषणानंतरच्या पहिल्याच रविवारी आला, टायमर परत घेऊन. चाचणी झाली, जेवण झालं, मी भांडी घासत होतो आणि तो पुसत होता. तेव्हा तो म्हणाला, ‘काय रे प्रसाद, तिसऱ्या मजल्यावरची बाई कशी आहे?’ मला वाटलं भाषणातल्या त्या म्हातारीवरून थट्टा करतोय. तो थट्टा करू शकतोय याचंच मला इतकं हायसं वाटलं की मीही म्हणालो, ‘मजेत आहे की. पुढच्या वर्षी तिला मंचावरच बसव.’ त्याने हातातली कढई पुसून जागेवर ठेवली. ‘बरं,’ म्हणाला. त्यानंतर दोन वर्षं मी त्याला सांगायचं ठरवत होतो. एकदा जंगलात फिरायला गेलो असताना अगदी ओठांवर आलं, तेवढ्यात पाऊस लागला. पावसाचं निमित्त मला पुरलं. बाकी सगळं पूर्वीसारखं होतं. तालमी होत होत्या, सासूबाई भुवई उचलत होत्या, तो हसत होता. फक्त मी एकटा असताना तो माझ्याकडे आला की त्याला कधीच घाई नसायची. चहा संपला तरी बसून राहायचा, काही न बोलता. मला वाटायचं वय झालं, शांत झाला.

तो गेल्यावर चौथ्या आठवड्यात आन्याने मला बोलावलं. उदयची कामाची वही मराठीत होती आणि ती वाचणारं दुसरं कुणी तिच्या ओळखीत नव्हतं. कुणाला काय कळवायचं राहिलंय, कुणाची मुदत अजून चालू आहे, हे बघून त्याच्या सहकाऱ्यांना द्यायचं होतं. आम्ही त्याच्या टेबलाशी बसलो. मी वाचून जर्मनमध्ये सांगत होतो, ती लिहून घेत होती. वहीत चार रकाने आखलेले होते: सापडलं, कळवलं, मुदत, दुरुस्ती. पानं उलटत मी त्या वर्षापर्यंत आलो. बटणाची नोंद होती. तिच्याखाली एक छोटी यादी होती: आन्या, पहिला मजला. संयोजक, चौथा मजला. ऑफिसातला एक सहकारी, पाचवा. स्वतःची प्रत, दुसरा. प्रसाद, तिसरा. हे लोक असं करतात, हे मला नंतर त्याच्या सहकाऱ्याने सांगितलं. प्रत्येकाला देताना प्रतीत एखादी बारीक गोष्ट वेगळी ठेवायची, म्हणजे कागद बाहेर फुटला तर कुणाकडून फुटला ते कळतं. सगळ्यांनाच, बायकोलासुद्धा. संशय म्हणून नव्हे, शिस्त म्हणून. पण तिथे बसल्या जागी मला कुणी सांगायची गरज नव्हती. वकिलाचं तिसऱ्या मजल्याचं ते वाक्य मला आठवलं. आणि पुढच्या पानावर, कंपन्यांच्या आणि कुलपांच्या नोंदींमध्ये, तशाच अक्षरात, एक ओळ होती. सापडलं: प्रसाद. कळवलं: त्या भांडी घासल्याच्या रविवारची तारीख. मुदत: लागेल तेवढी. दुरुस्तीचा रकाना कोरा.

‘इथे काय आहे?’ आन्याने विचारलं. ‘हे तुझं नाव ना? दिवाळीच्या पाकिटांवर बघितलंय, तेवढं मला ओळखता येतं.’ मी म्हणालो, ‘तालमींची यादी आहे.’ ती ‘आख झो’ म्हणाली, अच्छा, आणि पुढचं पान उलटलं. बसमध्ये बसल्यावर मी काय केलं ते लक्षात आलं. नवऱ्याची वही वाचायला तिने मला विश्वासाने बसवलं होतं आणि मी त्यातही पुन्हा तेच केलं होतं.

तीन दिवसांनी मी परत गेलो. दारातच सांगितलं, कारण आत गेलो असतो तर तिने चहा केला असता आणि चहानंतर मला धीर झाला नसता. मेल, साहेब, वकील, खुर्ची, टाळ्या, यादी, सगळं. आन्या चौकटीला टेकून ऐकत होती. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, ‘ती नोटीस आली तेव्हा तो कित्येक आठवडे नीट झोपला नव्हता. मी विचारायची, कुणी केलं? तो म्हणायचा, माहीत आहे, पण तो स्वतः सांगेल. मी म्हणायची, आणि नाही सांगितलं तर? तो म्हणायचा, त्याला वेळ लागतो.’ मग म्हणाली, ‘तो रविवारी तुमच्याकडून आला की विचारायचं मी पुढे सोडून दिलं होतं. त्याच्या तोंडावरून कळायचं, आजही नाही.’ मला त्या क्षणी कुणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी माफी मागितली. मी म्हणालो, हे सगळं मी लिहिणार आहे, छापणार आहे, तुझी हरकत नसेल तर. ती म्हणाली, ‘लिही. पण मी तुला आज आत ये म्हणणार नाही. मला वेळ लागेल.’ दार तिने हळूच लावलं. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही, आणि किती वेळ लागेल हे विचारायचा हक्क मला नाही.

सासूबाईंनाही सांगितलं. त्या दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. परवा महिन्यातला पहिला रविवार होता. अकरा वाजून गेले. मेघनाने चहाचं आधण ठेवलं होतं, टायमर खिडकीत होतं, फ्रिजपाशी कुणी उभं नव्हतं. सासूबाई खुर्चीत बसून दाराकडे बघत होत्या. मग त्यांनी गळ्यातलं बटण काढून माझ्यापुढे धरलं. ‘आजपासून हे तू करायचं. आणि बोलायचंही तूच.’ मी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. खोक्यातून आवाज आला, ‘फ्राऊ केळकर, आलेस इन ओर्डनुंग?’ मी सासूबाईंकडे बघितलं. सगळं ठीक आहे असं म्हणायला माझी जीभ उचलेना. पलीकडच्या बाईने पुन्हा विचारलं, जरा काळजीने. ‘मी जावई बोलतोय,’ मी म्हणालो, ‘फक्त चाचणी आहे. मी बोलतोय ते तुमच्यापर्यंत पोचतंय का?’ ती म्हणाली, ‘हो, अगदी स्वच्छ पोचतंय. बोला.’